गावात घडणारी प्रेम-रहस्य कादंबरी: वाचकांचे उलटसुलट अभिप्राय कसे वाचायचे?

प्रश्न विचारणाऱ्या लेखिकेची ही पहिलीच कादंबरी आहे. नायिका बारा वर्षांनी गावी परतते, ती वडिलांच्या माघारी राहिलेली जमीन विकायला. तिनं गाव सोडलं त्याच आठवड्यात तिची शाळेतली मैत्रीण नाहीशी झाली होती. ती कुणाचा तरी हात धरून पळून गेली, असं गावानं ठरवून टाकलेलं. आता रात्री कुणीतरी नायिकेच्या दारात त्या मैत्रिणीच्या जुन्या वस्तू ठेवून जातं. मदतीला येतो गावातला जनावरांचा डॉक्टर, आणि त्याचंच नाव त्या काळी मैत्रिणीशी जोडलं गेलं होतं. शेवटी उलगडतं ते असं: निवृत्त मुख्याध्यापकांनी जमिनीच्या कागदांत फेरफार केले होते, मैत्रिणीला ते कळलं आणि त्यापायी तिचा जीव गेला.

मसुदा काही वाचकांना दिला, तर अभिप्राय आले ते असे. "गाव डोळ्यांसमोर उभं राहिलं." "पहिली शंभर पानं काही घडतच नाही." "मुख्याध्यापकच असणार हे मला निम्म्यातच कळलं." "आठवड्याभरात एवढं प्रेम पटत नाही." "गावातली माणसं एक तर देव, नाहीतर राक्षस." "शेवट गुंडाळलाय." आणि एक, "एका बैठकीत संपवली!" लेखिका विचारते, यातलं कुणाचं ऐकू?

मी गेली बरीच वर्षं रहस्यकथा आणि प्रेमकथांच्या हस्तलिखितांचं संपादन करते, तेव्हा तुमचा मसुदा समोर ठेवूनच बोलते. वाचक कुठे अडखळला हे तो जवळजवळ नेहमीच बरोबर सांगतो. का अडखळला याचं त्याचं कारण मात्र पुष्कळदा भलतंच असतं, कारण पुस्तक आतून कसं जोडलंय हे त्याला माहीत नसतं आणि माहीत असायची गरजही नसते. तुमच्याकडे आलेल्या तक्रारी वेगवेगळ्या दिसतात, पण मसुदा दोनदा वाचल्यावर मला त्या बहुतेक एकाच ठिकाणाहून निघालेल्या वाटतात. तुमचं गाव सुंदर आहे, पण ते कथेत काम करत नाही.

आधी हे बघा की अशा कादंबरीकडे वाचक एकाच अपेक्षेनं येत नाही. प्रेमकथेच्या वाचकाची अट जुनी आणि स्पष्ट आहे. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेनं तिची केलेली व्याख्या दोन गोष्टींवर उभी होती: प्रेम कथेच्या केंद्रस्थानी असावं आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशावादी असावा. रहस्याचा वाचक मागतो तो न्याय. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखक-धर्मगुरूनं १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यातला पहिलाच असा की गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागात आलेला असला पाहिजे, पण वाचकाला त्याच्या मनात शिरू दिलेलं नसावं. आणि तिसरा वाचक येतो तो गावासाठी. त्याला चार दिवस तिथे राहून यायचं असतं. "गाव उभं राहिलं" म्हणणारा हा तिसरा, "काही घडत नाही" म्हणणारा दुसरा, आणि दोघंही बोलतायत त्याच शंभर पानांबद्दल. म्हणून या दोन मतांची वजाबाकी करू नका. दोन्ही खरी आहेत.

"मला आधीच कळलं" या अभिप्रायानं नवे लेखक सर्वात जास्त घाबरतात, तेवढं घाबरायचं कारण नाही. थरारपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यानं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलंय. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला माहीत असेल आणि टेबलाभोवती बसलेल्यांना नसेल, तर त्यांच्या साध्या गप्पासुद्धा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. उत्कंठा माहितीतूनही तयार होते, निव्वळ लपवाछपवीतून नव्हे. २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीनं जास्तच आवडल्या. पुढे झालेल्या काही प्रयोगांत याच्या उलटही दिसलं, तेव्हा त्यावर पुस्तक उभारू नका. पण "कळलं" म्हणजे "संपलं" नव्हे, एवढं त्यातून घ्या.

म्हणून त्या वाचकाला पुढचा प्रश्न विचारा: कळल्यावर तुम्ही कशासाठी वाचत राहिलात? "ती आता त्यांच्याच घरी जाणार म्हणून धाकधूक होती" असं उत्तर आलं तर तुम्ही जिंकलात. "बरोबर आहे का ते बघायला" असं आलं तर मात्र दुरुस्ती हवी. तुमच्या मसुद्यात मला वाटतं या दोनांतलं दुसरं उत्तर येईल. कारण मुख्याध्यापक हा कथेतला एकमेव माणूस असा आहे, ज्याला कथेत काहीच काम नाही. दुकानदार उधारीची वही दाखवतो, शेजारीण जुनी गोष्ट सांगते, डॉक्टर मदत करतो. मुख्याध्यापक फक्त भेटतात, हसतात आणि आशीर्वाद देतात. मुरलेला वाचक असा बिनकामाचा सज्जन दिसला की लगेच त्याच्यावर खूण करतो.

उपाय त्यांना आणखी गोड करण्यात नाही, उलट वाईट दाखवण्यातही नाही. त्यांना गावासाठी आवश्यक करा. गावातले अर्ज तेच लिहून देतात, भावाभावांतल्या वाटण्यांत तेच मध्यस्थी करतात, कुणाचा कागद कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक. हे सगळं उघड, सगळं खरोखर उपयोगी. मग त्यांची सत्ता आणि त्यांचा गुन्हा एकाच जागी बसतात. तुमच्या अकराव्या प्रकरणात नायिका मैत्रिणीची वही त्यांना "जपून ठेवा" म्हणून देते, तो प्रसंग आत्ता अर्ध्या पानात उरकलाय. वाचकाला संशय आलेला असेल तर हीच तुमची पंधरा मिनिटं आहेत. ते वही घेतात, चष्मा पुसतात, पहिलं पान उघडतात आणि तिला विचारतात, "तू वाचलीस का गं?" तिच्या उत्तराला तीन ओळी लागू द्या.

आता प्रेमाकडे येते, कारण मला सर्वात जास्त बोलायचंय ते इथे. "आठवड्याभरात पटत नाही" असं वाचक म्हणतो तेव्हा लेखक आठवड्याचा महिना करतात. त्यानं काही होत नाही. भीती आणि आकर्षण माणसाच्या शरीरात शेजारी शेजारी राहतात, हे वाचकाला अनुभवानं माहीत असतं. १९७४ मध्ये डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातल्या व्हँकूवरजवळच्या कॅपिलानो नदीवरच्या झुलत्या पुलावर एक प्रयोग केला. पूल लांबलचक, हलणारा, खाली खोल दरी. पूल ओलांडणाऱ्या पुरुषांना एक तरुणी प्रश्नावली द्यायची आणि आणखी काही विचारायचं असेल तर म्हणून फोन नंबर द्यायची. तिचा नंबर घेणाऱ्या अठरांपैकी नऊ जणांनी नंतर फोन केला. जवळच्याच बुटक्या, भक्कम पुलावर नंबर घेतलेल्या सोळांपैकी फक्त दोघांनी. छातीतली धडधड कशाची हे माणसाला नेहमी नीट ओळखता येत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्या अर्थावर पुढे बरीच चर्चा झाली, पण प्रेम-रहस्य कादंबरीचं इंजिन बरोबर हेच आहे.

आणि वाचकाची शंकाही बरोबर इथेच असते. त्याला प्रेमाचा वेग खुपत नाही. हे प्रेम आहे की नुसती धडधड, हा प्रश्न त्याला पडलेला असतो आणि पुस्तक त्याचं उत्तर देत नाही. तुमच्या मसुद्यात नायिका आणि डॉक्टर यांची प्रत्येक भेट कुठल्या ना कुठल्या भीतीनंतर होते. दारात बांगड्या सापडल्या, तो आला. खिडकीवर दगड आला, तो आला. गोठ्याला आग लागली, तो आला. दोघं भक्कम पुलावर एकदाही भेटत नाहीत.

असे दोन प्रसंग तरी हवेत, जिथे धोका नाही आणि दोघांपैकी एकजण आपल्या कामात आहे. तुम्ही नायकाला जनावरांचा डॉक्टर केलंय, हे तर हातात आलेलं घबाड आहे, आणि सबंध कादंबरीत तो एकाही जनावराला हात लावत नाही! एक गाय अडलीय, वासराचा पाय मागे दुमडलेला आहे, नायिका कंदील धरून उभी आहे. तो खांद्यापर्यंत हात घालून पाय शोधतोय आणि तिच्याशी एक अक्षर बोलत नाही. बोलतोय तो गायीशी, अगदी खालच्या आवाजात, जो आवाज तिनं आजवर ऐकलेला नाही. दोरी मागतो, नंतर "आता कंदील जरा खाली" म्हणतो. हे वाचल्यावर आठवडा थोडा होता असं फार कमी जण म्हणतील.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी ॲन रॅडक्लिफसारख्या इंग्रज लेखिकांनी नायिकेला अनोळखी, एकाकी वास्तूत नेऊन बसवलं, तेव्हापासून या प्रकाराचा कणा एकच प्रश्न आहे: या माणसावर विश्वास टाकू का? रहस्याचा प्रश्न आणि प्रेमाचा प्रश्न इथे एकच असतो. तुमच्या चौदाव्या प्रकरणात डॉक्टर त्या रात्री परगावी होता याचा पुरावा मिळतो, आणि पंधराव्यात नायिका त्याच्या मिठीत जाते. क्रम बघा. पुराव्यानंतर ठेवलेल्या विश्वासाला किंमत काय? तिनं काही पणाला लावलंच नाही. "पटत नाही" हा अभिप्राय माझ्या मते इथून येतो, जरी एकाही वाचकानं या दोन प्रकरणांचं नाव घेतलेलं नाही.

ही दोन प्रकरणं उलटी करा. सगळं गाव त्याच्याकडे बोट दाखवतंय, पुरावा अजून नाही, आणि तिला ठरवायचंय. कशावरून ठरवणार? तर गोठ्यातल्या त्या आवाजावरून, आणि तिनं मैत्रिणीचं नाव काढल्यावर त्यानं विषय बदलला नाही यावरून. ती चुकूही शकते, हे वाचकाला कळतंय. मग पुरावा येतो तो तिला बरोबर ठरवायला, आणि ती एक पाऊल आधीच टाकून बसलेली असते. एवढ्या एका बदलानं तुमचं प्रेम आणि तुमची उत्कंठा दोन्ही सुधारतील. बाकी काही जमलं नाही तरी हे कराच.

आता गाव. तुमच्या पहिल्या शंभर पानांत पहाट आहे, शेतं आहेत, धुकं आहे, पाऊस आहे, आणि भाषा खरोखर चांगली आहे. पण गाव म्हणजे निसर्ग नव्हे. गाव म्हणजे कोण कुणाबद्दल काय जाणतो आणि कुणाजवळ काय बोलतो. मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञानं १९६३ मध्ये कुचाळक्यांवर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की माणसं आपल्याच गटातल्यांविषयी आपसांत बोलतात, आणि त्या बोलण्यात सामील करून घेतलं जाणं हीच गटात असल्याची खूण असते. उपरा माणूस या बोलण्याबाहेर राहतो. तुमची नायिका बारा वर्षांनी आलीय. ती त्या बोलण्याच्या आत आहे की बाहेर? कोण तिच्यासमोर बोलतं, कोण ती आली की गप्प होतं, आणि गप्प होणारा माणूस कितव्या प्रकरणात पहिल्यांदा बोलतो? गावातला तपास असाच चालतो.

शेरलॉक होम्सच्या १८९२ मधल्या एका कथेत तो आगगाडीतून जाताना रम्य खेडी बघून म्हणतो की शहरातल्या बकाल गल्ल्यांपेक्षा इथल्या सुट्या-सुट्या घरांत जास्त भयंकर पापं दडलेली असतील. कारणही देतो: शहरात किंकाळी शेजाऱ्याच्या कानी पडते, इथे ऐकायला कुणी नाही. एका बाजूला एकटं घर असेल तर हे खरंच आहे. पण वस्तीच्या गावातली भीती मला याच्या उलट वाटते. तिथे किंकाळी सगळ्यांनी ऐकलेली असते. बारा वर्षांपूर्वी काय झालं याचा अंदाज निम्म्या गावाला आहे आणि कुणी बोलत नाही, ही कल्पना तुमच्या मसुद्यात बीजरूपानं आहेच. शेजारीण एकदा म्हणते, "तुझ्या वडिलांनी विचारलं नाही, तूही विचारू नकोस." ते वाक्य वाचून माझ्या अंगावर काटा आला. आणि तुम्ही ते एकशे तिसाव्या पानावर टाकलंय! ते पहिल्या वीस पानांत आणा. नायिका जमीन विकायला आलीय, गुन्हा जमिनीचा आहे, वडील गप्प राहिले आहेत. मग जमीन विकण्याची प्रत्येक पायरी, प्रत्येक सही, प्रत्येक उतारा आपोआप तपासाची पायरी होतो, आणि तुम्हाला वेगळा तपास लिहावाच लागत नाही.

"देव नाहीतर राक्षस" ही तक्रारही इथेच मिटते. गप्प राहणाऱ्या प्रत्येकाला त्याचं स्वतःचं कारण द्या. कुणी मुख्याध्यापकांच्या उपकाराखाली आहे, कुणाला मुलीचं लग्न जमवायचंय, कुणी त्या काळी मैत्रिणीची बदनामी पसरवण्यात पुढे होता आणि आता तोंड उघडायची लाज वाटते. वाईट माणूस एकच, पण गप्प राहण्यात वाटा सगळ्यांचा. अशी माणसं आपोआप मधली होतात, माणसासारखी.

एका वाचकानं, बहुधा गावातच वाढलेल्या, एक ओळ लिहिली होती आणि तुम्ही तिच्यावर काही टिपण केलेलं दिसलं नाही: "रात्री दारात कुणी आलं आणि कुत्रं भुंकलं कसं नाही?" या ओळीला मी इतर सगळ्या अभिप्रायांच्या वर ठेवीन. न भुंकणारा कुत्रा रहस्यकथेत फार जुना आहे, त्यामुळे त्याचं मोठं रहस्य करू नका. पण तुम्ही वस्तू ठेवणारे मुख्याध्यापकच दाखवलेत, तिला घाबरवून पळवण्यासाठी. इतका सावध माणूस स्वतःविरुद्धचा पुरावा तिच्या दारात कशाला ठेवील? कुत्रा गप्प राहतो तो रोजच्या माणसाला बघून, जो त्याला भाकरतुकडा घालतो त्याला. वस्तू ठेवणारी ती शेजारीणच असेल तर? तोंडानं बोलायची तिची छाती नाही, म्हणून ती एकेक वस्तू ठेवून सांगू बघतेय, आणि नायिका मात्र ते धमकी म्हणून वाचतेय. पुस्तक तुमचं आहे, निर्णय तुमचा. मला इतकंच दिसतं की त्या एका ओळीमागे तुमच्या कादंबरीचा अधिक चांगला मधला भाग दडलेला आहे.

मोबाइलला रेंज नसणं हे मात्र काढून टाका. तीनदा आलंय, आणि वाचकांना त्याचा कंटाळा आलाय.

शेवट गुंडाळल्याची तक्रार. तुमचा गुन्हेगार पकडला जातो, दोघं एकत्र येतात, पुस्तक संपतं. दोन वाचकांना दोन शेवट मिळाले, तिसऱ्याला काहीच मिळालं नाही. जे गाव बारा वर्षं गप्प होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी काय करतं? मुख्याध्यापकांच्या बायकोशी कोण बोलतं? अर्ज आता कोण लिहून देणार? मैत्रिणीच्या आईला, जिची मुलगी पळून गेली म्हणून तिच्याकडे लोकांनी जाणं-येणं सोडलं होतं, कोण आणि काय तोंड घेऊन भेटायला जातं? हे एक प्रकरण पुरे, पण ते हवंच. प्रेमकथेचा शेवट आशेचा असला पाहिजे. गावाचा शेवट तितका स्वच्छ असायची गरज नाही, आणि दोन्ही एका पुस्तकात मावतात. नायिका शेवटी जमीन विकते की ठेवते हेसुद्धा तुमच्या मसुद्यात राहूनच गेलंय. तिथून तर कथा सुरू झाली होती.

काही अभिप्राय बाजूला ठेवायला हरकत नाही. "ते प्रेमाचं काढून टाका, नुसतं रहस्य छान होईल" म्हणणाऱ्याला दुसरं पुस्तक हवंय. पुस्तक छापून आल्यावर तारांकनं येतील, त्यांच्या सरासरीवर फार जाऊ नका. ज्यांना फार आवडतं आणि ज्यांना फार खटकतं तेच लिहायला बसतात, त्यामुळे पाच ताऱ्यांचा ढीग, एका ताऱ्याचा छोटा ढीग आणि मध्ये खड्डा, असा आकार ऑनलाइन परीक्षणांच्या अभ्यासांत दिसून आलाय. तुमच्या उपयोगाचे असतात ते तीन ताऱ्यांचे. ज्याला पुस्तक आवडायला हवं होतं पण पुरतं आवडलं नाही, तो नेमकी जागा दाखवतो. आणि "एका बैठकीत संपवली" म्हणणाऱ्या वाचकालाही मोकळं सोडू नका. पंधरा दिवसांनी फोन करून विचारा, काय आठवतं? जे आठवतं त्याला दुरुस्तीत हात लावू नका.

पुढच्या खेपेला मसुदा देताना "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याला उत्तर "छान" असंच येतं. दर पाच प्रकरणांनंतर एक कोरं पान घाला. त्यावर तीनच गोष्टी लिहायला सांगा: आत्ता संशय कुणावर आहे, डॉक्टरवर तुमचा विश्वास आहे का, आणि कुठे वाचन थांबवलंत. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं "नाही"कडून "हो"कडे चौदाव्या प्रकरणाच्या आधी सरकली, तर फेरबदल साधला असं समजा. हा मसुदा जुन्या वाचकांना परत देऊ नका, त्यांना गुन्हेगार माहीत आहे. नवीन माणसं शोधा, आणि त्यांत निदान दोघं-तिघं तरी अशी घ्या जी आजही गावात राहतात.